विषबाधेतील झटके आणि मेंदूचे रक्षण

२७ जून १९९४ रोजी रात्री जपानमधील मात्सुमोतो शहरात ओम शिनरिक्यो या पंथाच्या लोकांनी एका वाहनातून सारिन हे विष हवेत सोडले. त्या वेळी सात माणसे दगावली. मदतीसाठी सर्वप्रथम हाक दिली ती योशियुकी कोनो या गृहस्थांनी. त्यांच्या पत्नी सुमिको यांचा श्वास आणि हृदय दोन्ही बंद पडले होते. हृदय पुन्हा सुरू करण्यात डॉक्टरांना यश आले, परंतु सुमिको शुद्धीवर आल्या नाहीत. चौदा वर्षे त्या त्याच अवस्थेत होत्या. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि मात्सुमोतोच्या मृतांची संख्या आठ झाली. पोलिसांनी आणि वृत्तपत्रांनी सुरुवातीला संशय घेतला तो या कोनो यांच्यावरच, हा त्या शोकांतिकेचा आणखी एक पदर.

याच पंथाने २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांत सारिन सोडले. हजारो लोकांना रुग्णालयात धाव घ्यावी लागली. या हल्ल्यातील चौदावा बळी नोंदला गेला तो मार्च २०२० मध्ये, म्हणजे हल्ल्यानंतर पंचवीस वर्षांनी. मेंदूला गंभीर इजा झालेली ती स्त्री इतकी वर्षे अंथरुणाला खिळून होती.

सारिन शरीरात वर्षानुवर्षे राहत नाही. काही दिवसांत त्याचा निचरा होतो. विष गेले तरी मेंदू परत का येत नाही, हा प्रश्न म्हणूनच वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा ठरतो. त्याची मुख्य उत्तरे दोन. पहिले उत्तर प्राणवायूचा अभाव. सुमिको कोनो यांच्या बाबतीत तेच घडले. दुसरे उत्तर म्हणजे विषामुळे सुरू होणारे आणि वेळेवर न थांबवलेले झटके. या दुसऱ्या उत्तराची चर्चा आपल्या व्यवसायात पुरेशी होत नाही, म्हणून प्रस्तुत लेखाचा बराचसा भाग मी त्यासाठी राखून ठेवला आहे.

इंदूरच्या एका बालरोगतज्ज्ञाने जपानमधील सारिनची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. याचे कारण या विषाच्या जन्मकथेतच आहे. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर हे रसायनशास्त्रज्ञ नवीन कीटकनाशकाच्या शोधात होते. त्या शोधात त्यांच्या हाती लागले ते टाबून. १९३८ मध्ये सारिन आले आणि १९४४ मध्ये रिचर्ड कून यांच्या प्रयोगशाळेत सोमान. युद्धासाठी बाजूला काढलेली ही रसायने आणि शेतकऱ्याच्या कोठीत ठेवलेली मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही सारी ऑरगॅनोफॉस्फरस कुळातील भावंडे होत. तीव्रतेत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कार्यपद्धती मात्र एकच. सोयाबीनवर फवारणी सुरू झाली की माळव्यातील कोणत्याही रुग्णालयाच्या आपत्कालीन कक्षात या कुळाशी गाठ पडते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व मजूर प्राणास मुकले, हेही आपल्या स्मरणात असेल.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट. १९८४ साली भोपाळमध्ये पसरलेला मिथाइल आयसोसायनेट वायू नर्व्ह एजंट नव्हता. त्याने मुख्यतः डोळे आणि फुफ्फुसे जाळली. मात्र त्या कारखान्यात ज्या कार्बारिल या कीटकनाशकासाठी तो वायू वापरला जाई, ते कार्बामेट गटातील असल्याने या लेखात वर्णिलेल्याच एन्झाइमला अडवते, फक्त तात्पुरते. आपल्याच प्रांतात, ग्वाल्हेर येथे, संरक्षण खात्याची डीआरडीई ही प्रयोगशाळा रासायनिक अस्त्रांपासून बचाव या विषयावर काम करते, याचीही पुष्कळांना कल्पना नसते.

मुलांच्या संदर्भात २०१३ हे साल विसरता येत नाही. १६ जुलै रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतील मध्यान्ह भोजन जेवून तेवीस मुले दगावली; अन्नात मोनोक्रोटोफॉस आढळले. त्यानंतर अवघ्या पाच आठवड्यांनी, २१ ऑगस्ट रोजी, सीरियातील घौता येथे सारिनचा मारा झाला आणि तेथेही मृतांत मुले मोठ्या संख्येने होती. एका ठिकाणी युद्ध, दुसऱ्या ठिकाणी खिचडी-भाजीचे ताट. पण त्या कोवळ्या शरीरांत जे घडले त्याची यंत्रणा एकच होती. मुले दर किलो वजनामागे मोठ्यांपेक्षा अधिक हवा श्वासावाटे घेतात, त्यांची त्वचा पातळ असते, आणि सारिनची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, म्हणजे मुलांच्या उंचीवर, अधिक दाट असते.

आता त्या यंत्रणेकडे वळू. मज्जातंतूकडून निरोप पोहोचवण्याचे काम ॲसिटिलकोलीन करते. निरोप पोहोचला की ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम त्याचे तत्क्षणी विघटन करते. ऑरगॅनोफॉस्फरस विष या एन्झाइमला चिकटून बसते. मग निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, अश्रू वाहू लागतात, श्वासनलिका स्रावांनी भरतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंदावते. स्नायू आधी फडफडतात आणि मग थकून लुळे पडतात. मेंदूत हाच अतिरेक झाला की झटके येतात. मोठ्या माणसांत लाळ आणि घाम यांवरून निदान सहज होते. लहान मुलांत हे चित्र पुष्कळदा अपुरे असते. मूल सुस्त, अंगाने ढिले, धापा टाकणारे किंवा थेट झटके देत येते, आणि मेंदूज्वर समजून आपण पाठीतून पाणी काढण्याची तयारी करू लागतो. पावसाळ्यात, खेड्यातून, ताप नसताना अचानक झटके येणाऱ्या मुलाच्या बाहुल्या पाहणे आणि त्याच्या कपड्यांना कसला वास येतो ते हुंगणे, या दोन गोष्टींना अर्धे मिनिट लागते.

झटक्यांची गोष्ट येथून पुढे वेगळी होते. सोमान देऊन केलेल्या प्राण्यांवरील प्रयोगांतून या झटक्यांच्या तीन अवस्था दिसून आल्या. पहिली साधारण पाच मिनिटांपर्यंतची. या अवस्थेत झटका केवळ ॲसिटिलकोलीनच्या पुरामुळे असतो, आणि ॲट्रोपीनसारखे औषध तो थांबवू शकते. पाच ते चाळीस मिनिटांच्या दुसऱ्या अवस्थेत ग्लुटामेट हे मेंदूतील प्रमुख उत्तेजक रसायन खेळात उतरते. चाळीस मिनिटांनंतर तर मूळ विषाची गरजच उरत नाही. ग्लुटामेटच्या बळावर झटका स्वतःच स्वतःला चालवतो. या टप्प्यावर ॲट्रोपीन कितीही दिले तरी मेंदूतील झटक्यावर परिणाम होत नाही. आग काडीने लागली असली तरी घर पेटल्यावर काडी विझवून काय उपयोग!

मेंदूच्या पेशी मरतात त्या प्रामुख्याने या ग्लुटामेटमुळे. एनएमडीए रिसेप्टरांवाटे पेशीत कॅल्शियमचा लोंढा शिरतो, मायटोकॉन्ड्रिया कोलमडतात आणि पेशी नष्ट होते. ॲमिग्डाला, पायरिफॉर्म कॉर्टेक्स, हिप्पोकॅम्पस आणि थॅलॅमस या भागांना सर्वाधिक झळ पोहोचते. स्मरणशक्ती, भीती आणि भावना यांचे घर तेथेच आहे. प्राण्यांमध्ये आढळलेली एक गोष्ट चिकित्सकाने विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. ज्या प्राण्यांना विष दिले पण झटके आले नाहीत, किंवा पहिल्या काही मिनिटांतच थांबवले गेले, त्यांच्या मेंदूत इजा नगण्य आढळली. तितकेच विष मिळून ज्यांचे झटके चाळीस मिनिटांहून अधिक चालले, त्यांची इजा व्यापक होती. म्हणजे मेंदूची नासाडी मुख्यत्वे झटक्याच्या कालावधीने ठरते, केवळ विषाच्या मात्रेने नव्हे. मात्रा आपल्या हाती नसते. कालावधी काही अंशी असतो.

बेन्झोडायझेपिन गटातील औषधे, म्हणजे डायझेपाम, लोराझेपाम, मिडाझोलाम, गाबा या शांत करणाऱ्या रसायनाच्या रिसेप्टरवर काम करतात. झटका लांबत गेला की हे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात, आणि त्याच वेळी एनएमडीएचे रिसेप्टर पृष्ठभागावर वाढतात. किल्ली आपल्या हातात असते, पण दारावरचे कुलूपच कोणीतरी काढून आत नेलेले असते. पहिल्या दहा मिनिटांत जी मात्रा झटका थांबवते, तीच तासाभराने निष्फळ ठरते, आणि म्हणून मग आपण मात्रा वाढवत जातो, श्वास मंदावतो, झटका मात्र चालूच. मेंदूचे रक्षण करणारे औषध कोणते, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी सांगतो की जे हाताशी आहे ते बेन्झोडायझेपिन, पण लवकर.

लवकर देण्याच्या बाबतीत सर्वांत मोठा अडसर म्हणजे शीर. झटके देणाऱ्या, घामाने निसरड्या झालेल्या लहान मुलाची शीर शोधणे काय असते हे आपणा सर्वांना माहीत आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या रॅम्पार्ट या अमेरिकन चाचणीने येथे मोलाची मदत केली. रुग्णवाहिकेतच, दीर्घ झटक्यांसाठी, मांडीच्या स्नायूत मिडाझोलाम आणि शिरेतून लोराझेपाम यांची तुलना केली गेली. रुग्णालयात पोहोचेपर्यंत झटके थांबलेल्यांचे प्रमाण स्नायूतील औषधाच्या गटात ७३ टक्के, तर शिरेच्या गटात ६३ टक्के होते. शिरेतून दिलेले औषध एकदा आत गेल्यावर अधिक वेगाने काम करते खरे, पण ते आत जाण्यासाठीच कित्येक मिनिटे खर्ची पडतात. त्या चाचणीत १३ ते ४० किलो वजनाच्या मुलांना ५ मिलिग्रॅम आणि त्याहून अधिक वजनाच्यांना १० मिलिग्रॅम मिडाझोलाम दिले गेले. त्यातील रुग्ण विषबाधेचे नव्हते, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. तरीही अमेरिकेने नर्व्ह एजंटच्या झटक्यांसाठी डायझेपामऐवजी मिडाझोलामकडे जो कल वळवला, त्यामागे स्नायूतून जलद शोषले जाण्याचा हा गुण आहे. २०१८ मध्ये तेथे स्नायूत देण्याच्या मिडाझोलामला स्टेटस एपिलेप्टिकससाठी मान्यता मिळाली. लहान मुलांत दर किलोमागे ०.२ मिलिग्रॅम ही स्नायूतील मात्रा आपल्याकडे सर्वमान्य आहे, आणि नाकात फवारण्याचे मिडाझोलाम तर आता बहुतेक औषधी दुकानांत मिळते. मात्र नाक स्रावांनी तुडुंब भरलेले असताना फवाऱ्यावर माझा फारसा विश्वास नाही. या विषबाधेत मांडी बरी.

नेहमीच्या सवयीने आपण पुढचे पाऊल म्हणून फेनिटॉइन मागवतो. नर्व्ह एजंटच्या झटक्यांत ते प्राण्यांवरील प्रयोगांत निरुपयोगी ठरले आहे, आणि हृदयाची गती आधीच बिघडलेल्या रुग्णात त्याचा धोका वेगळाच. बेन्झोडायझेपिनच्या दोन मात्रांनंतरही झटके राहिले तर फिनोबार्बिटोन, लेव्हेटिरासेटाम, आणि श्वासनलिकेत नळी घालून मिडाझोलामची संतत मात्रा, असा क्रम बहुतेक अतिदक्षता विभागांत असतो. केटामिन हे एनएमडीए रिसेप्टर अडवणारे जुने, स्वस्त आणि आपल्या परिचयाचे औषध. वर सांगितलेली यंत्रणा पाहता उशिरा आलेल्या रुग्णात त्याचा विचार तर्कशुद्ध वाटतो. मिडाझोलामसोबत केटामिन आणि तिसरे एखादे औषध एकत्र दिल्यास उशिराही झटका थांबतो आणि पेशी अधिक वाचतात, असे प्राण्यांवरील काम सांगते. माणसांत अशी चाचणी नैतिकदृष्ट्या अशक्यच. तेव्हा प्राण्यांचा पुरावा, इतर कारणांच्या झटक्यांतील अनुभव आणि आपला विवेक यांवर काम भागवावे लागते.

ॲट्रोपीन आणि प्रालिडॉक्सिम यांचे स्थान मात्र यामुळे कमी होत नाही. ॲट्रोपीन छातीतील स्राव सुकवते, आणि छाती कोरडी झाल्याशिवाय प्राणवायू मेंदूपर्यंत पोहोचत नाही. मुलांत दर किलोमागे ०.०५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत न्यायची, ती छाती साफ होईपर्यंत. केवळ बाहुल्या विस्फारण्याची वाट पाहत नव्हे. अति झाले तर मूल तापते, बडबडते, हातपाय झाडते. उन्हाळ्यातील वॉर्डात हा ताप मेंदूच्या दृष्टीने साधासुधा नसतो. प्रालिडॉक्सिमबाबत बारामतीच्या गिरिराज हॉस्पिटलमधील डॉक्टरांनी २०० रुग्णांवर केलेला आणि २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आपणा मराठी डॉक्टरांना अभिमान वाटावा असा आहे. संतत आणि मोठ्या मात्रेचा त्यात लाभ दिसला. २००९ साली श्रीलंकेतील चाचणीत तो दिसला नाही, आणि वाद अजून मिटलेला नाही. आपल्या विषयापुरते एवढेच पुरे की हे औषध रक्तातून मेंदूत फारच थोडे शिरते. त्याच्या भरवशावर झटके सोडता येत नाहीत.

आता सर्वांत फसव्या प्रसंगाविषयी. झटके देणारे मूल काही वेळाने शांत होते. हातपाय सैल पडतात, नातेवाईक सुस्कारा सोडतात, परिचारिका नोंद करते की झटके थांबले. परंतु या विषबाधेत स्नायू थकून लुळे पडतात, हे वर आलेच आहे. झटका दाखवायला स्नायूच उरलेले नसतात. मेंदूतील विद्युत्‌वादळ चालू असते आणि शरीर निश्चल. श्वासनलिकेत नळी घालताना आपण स्नायू शिथिल करणारे औषध देतो, तेव्हा हेच चित्र आपल्या हातून घडते. त्यातही सक्सिनिलकोलीन टाळावे, कारण ज्या एन्झाइमने त्याचा निचरा व्हायचा तेही विषाने निकामी झालेले असते आणि मूल तासन्‌तास लुळे राहू शकते. अशा मुलाचा ईईजी काढल्याशिवाय झटके थांबले असे म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या गावी ईईजी नाही तेथे अचानक वाढणारी नाडी, चढणारा रक्तदाब, डोळ्यांची सूक्ष्म थरथर, एका बाजूला वळलेली नजर यांवर लक्ष ठेवावे आणि शंका असेल तर झटके चालूच आहेत असे गृहीत धरून औषध चालू ठेवावे. ॲट्रोपीनमुळेही नाडी वाढते, म्हणून ही चिन्हे एकेकटी पाहून भागत नाही.

प्राणवायू, साखर, शरीराचे तापमान आणि रक्तदाब या चार गोष्टी कोणत्याही मेंदूरक्षणात असतातच. त्यांचा विस्तार येथे करत नाही.

आपल्या स्मरणिकेचे वाचक केवळ डॉक्टर नसतात, म्हणून घरच्या मंडळींसाठी थोडे. विष अंगावर सांडले असेल तर कपडे ताबडतोब उतरवून अंग साबण-पाण्याने धुवावे, आणि धुणाऱ्याने हातांना प्लास्टिकची पिशवी तरी गुंडाळावी. टोकियोतील एका रुग्णालयात रुग्णांच्या कपड्यांतून निघालेल्या वाफेमुळे जवळपास पाव कर्मचाऱ्यांना त्रास झाला होता. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. झटके देणाऱ्या मुलाची उलटी थेट फुफ्फुसात जाते. मुलाला कुशीवर वळवून तोंडातील लाळ पुसावी, तोंडात चमचा घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात जी मिनिटे जातात, ती मेंदूच्या हिशेबातून वजा होतात. औषधाची बाटली, तिचे लेबल फाटके असले तरी, सोबत आणावी. आणि फवारणीचे औषध शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवू नये. बालरोगतज्ज्ञाला विषबाधेच्या इतिहासात ही बाटली फार वेळा भेटते.

राहता राहिला प्रश्न नंतरचा. झटके थांबल्यावर मेंदूतील दाह लगेच शमत नाही. मायक्रोग्लिया आणि ॲस्ट्रोसाइट या पेशी दिवसेंदिवस, कधी आठवडेच्या आठवडे उत्तेजित राहतात, आणि प्रयोगशाळेतील प्राण्यांत काही काळाने आपोआप येणारे झटके, म्हणजे अपस्मार, उद्भवतो. हा दाह आवरणारी, गाबाच्या निराळ्या रिसेप्टरांवर काम करणारी न्यूरोस्टेरॉइडे आणि ग्लुटामेटला अन्य मार्गांनी अडवणारी औषधे यांवर संशोधन चालू आहे. सारिन किंवा कीटकनाशकाच्या रुग्णासाठी त्यांतले कोणतेही नेहमीच्या वापरात आलेले नाही. टोकियोतील काही पीडितांच्या मेंदूच्या विद्युत्‌ प्रतिसादांत सहा-आठ महिन्यांनंतरही फरक आढळले होते, आणि ती माणसे वरवर बरी होऊन घरी गेलेली होती.

मुलांच्या बाबतीत म्हणूनच डिस्चार्जच्या दिवशी उपचार संपत नाहीत. विषबाधेत ज्या मुलाला पंधरा-वीस मिनिटांहून अधिक झटके आले, त्याच्या कार्डावर तीन आणि सहा महिन्यांनी येण्याची तारीख आम्ही लिहून देतो. येताना वहीपाटी आणायला सांगतो. धडा वाचून दाखव, काल काय जेवलास ते सांग, शाळेतील मित्रांची नावे सांग, असे विचारतो. आई बहुधा आधीच सांगते की हल्ली हा विसरतो, चिडतो, रात्री दचकून उठतो. त्यातले किती विषाचे, किती झटक्यांचे आणि किती त्या रात्रीच्या धास्तीचे, हे वेगळे काढणे सोपे नसते. ईईजी काढतो, शिक्षकांना पत्र देतो, आणि पुढची तारीख लिहितो.